त्रिपुरीच्या वाटेवर दोन दिवस

बँकेच्या सेवेत बदली कोणालाच चुकत नाही. माझी नेमणूक पाटनला झाल्याचे कळताच नातेवाइकांना वाटले, सातारा जिल्ह्यातील पाटण असावे. हे पाटन मात्र मध्य प्रदेशातील, जबलपूर शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. काळीभोर जमीन आणि हिरवा मटार ही या परिसराची ओळख. पीककर्जाच्या कामात माझे दिवस भरून जात. परंतु नागपूरच्या शाळेतील संस्कृत शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या माझ्या पत्नीला हे गाव आपले वाटत नव्हते. दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी जवळ आली की आम्ही नागपूरचे तिकीट काढून मोकळे होत असू.

एकदा आमच्या शाखेतील एका वयोवृद्ध खातेदाराने सहज विचारले, "साहब, तेवर देखा कि नहीं?" तेवर म्हणजेच प्राचीन त्रिपुरी, हे ऐकताच पत्नीचे कुतूहल जागे झाले. त्या महिन्याचा दुसरा शनिवार आणि त्याला जोडून आलेला रविवार आम्ही इकडेच घालवण्याचे ठरवले.

राजधानीचे झाले खेडे

पाटनहून बसने जबलपूर गाठावे आणि तेथून भेडाघाटच्या रस्त्याला लागावे, की बारा-तेरा किलोमीटरवर तेवर येते. आज हे एक साधे खेडे आहे. एके काळी मात्र येथे कलचुरी राजांची राजधानी होती. नवव्या शतकात कोकल्ल राजापासून या घराण्याचा उत्कर्ष सुरू झाला. अकराव्या शतकात गांगेयदेव आणि त्याचा पुत्र कर्ण यांच्या काळात त्रिपुरीचा दबदबा उत्तर भारतात दूरवर पोहोचला. आता शेताच्या बांधावर कोरीव दगड दिसतात, तर त्रिपुरसुंदरीच्या मंदिरात प्राचीन मूर्तीची नित्य पूजा चालते. शेजारच्या करणबेलचे दगड एकोणिसाव्या शतकात लोहमार्गाच्या बांधकामासाठी नेले गेले. 1939 साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेस अधिवेशनामुळे त्रिपुरीचे नाव पुन्हा देशभर गाजले.

तेवरच्या पारावर विसावताना पत्नीने राजशेखराचा विषय काढला. दहाव्या शतकातील हा नाटककार मूळचा यायावर कुळातला. त्याचा पणजोबा अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरवला गेला होता. राजशेखर कनौजच्या दरबारातून त्रिपुरीला युवराजदेवाच्या आश्रयास आला आणि त्याचे 'विद्धशालभंजिका' हे नाटक येथे रंगले, असे अभ्यासक मानतात. त्याची पत्नी अवंतिसुंदरी चौहान कुळातील विदुषी होती. तिची मते त्याने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात आदराने नोंदवली आहेत. "म्हणजे, अहो, हजार वर्षांपूर्वीही एक जोडपे आपल्यासारखेच बदलीवर इथे आले होते!" ती हसून म्हणाली. पाटनला आल्यापासून तिला इतके मोकळे हसताना मी प्रथमच पाहिले.

भेडाघाटची राणी

दुपारी भेडाघाटला पोहोचलो. धुवांधार धबधबा आणि नर्मदेकाठचे संगमरवरी कडे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे पाय अधिक रेंगाळले ते टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या मंदिरात. या वर्तुळाकार मंदिराला आकाशाचेच छत आहे. नाव चौसष्टचे असले तरी भोवतीच्या ओवरीत 81 कोनाडे आहेत. पुष्कळशा मूर्ती भग्न झाल्या आहेत, तरी त्यांच्या बैठकींवर कोरलेली नावे अजूनही वाचता येतात.

याच भेडाघाटला अल्हणदेवी या राणीचा 1155 च्या सुमाराचा शिलालेख सापडला. ही मेवाडची राजकन्या कलचुरी घराण्यात सून म्हणून आली. वैधव्यानंतर, पुत्राच्या राजवटीत, तिने येथे शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा उभारली आणि त्यांच्या खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. त्या देणगीची व्यवस्था पाहणारा आचार्यही लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातकडचा होता. परमुलखातून आलेल्या राणीने या भूमीत विद्येची सोय करून ठेवली, ही गोष्ट पत्नीच्या मनात घोळत राहिली.

लक्ष्मीची मुद्रा

रविवारी जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी शिल्पे पाहिली. त्या काळाचा विषय निघाला असताना बँकेच्या वाचकांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गांगेयदेवाने सुमारे चार ग्रॅम वजनाचे सोन्याचे नाणे पाडले. त्याच्या एका बाजूस बसलेली चतुर्भुज लक्ष्मी, तर दुसऱ्या बाजूस तीन ओळींत नागरी लिपीतील राजाचे नाव. ही घडण लोकांच्या इतकी विश्वासाची झाली की चंदेल आणि गाहडवाल राजांनी ती उचलली. पुढे मुहम्मद घोरीच्या सुवर्णनाण्यांवरही हीच लक्ष्मी विराजमान झाली. राज्ये बदलली, धर्म बदलला. परंतु बाजारात पत होती त्या मुद्रेला नव्या सत्ताधीशानेही हात लावला नाही. पत म्हणजे काय, हे आम्हा बँकवाल्यांना याहून चांगले कोण सांगणार?

या विस्मृत इतिहासाला उजाळा देण्यात मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे. कोकणात जन्मलेले आणि नागपूरला कर्मभूमी मानलेले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख संपादित केले. तो बृहद्ग्रंथ 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याच काळात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे तेवर येथे उत्खनन केले.

परतीच्या बसमध्ये पत्नी वहीत टिपणे करीत होती. पाटनला पोहोचताच तिने नागपूरला दूरध्वनी केला आणि आईवडिलांना सांगितले, "पुढच्या सुट्टीत आम्ही येत नाही, तुम्हीच इकडे या."

या भागात येऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी हिवाळा निवडावा. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून शनिवारी तेवर व भेडाघाट आणि रविवारी संग्रहालय असा क्रम सोयीचा पडतो. वाट वाकडी करून पाटनला आलात, तर ताज्या मटाराची उसळ आमच्याकडे नक्की.