कोळशाचा कर आणि कुमारप्पांचा हिशेब

वर्धेच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. निसर्गाकडेही त्यांनी त्याच दृष्टीने पाहिले. उपसली की संपणारी कोळसा-तेलासारखी संपत्ती आणि पुनःपुन्हा भरून येणारी जंगल-पाण्यासारखी संपत्ती, असा भेद त्यांनी १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात केला. हिशेबाच्या भाषेत पहिले भांडवल, दुसरे उत्पन्न. भांडवल विकून घरखर्च चालविणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. सरकारास मात्र हा नियम लागू नसावा.

ज्या नदीवरून आपल्या जिल्ह्याला नाव मिळाले, तिच्याच खोऱ्यात चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसाखाणी आहेत. त्यांच्या कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. केंद्राने २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी टनामागे ५० रुपये उपकर बसविला. २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. टनभर कोळसा जळला की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा हा वस्तुतः धुरावरचाच कर होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हेच ४०० रुपये राज्यांच्या महसुलाची तूट भरून देण्याकडे वळले. सप्टेंबर २०२५ मध्ये तेही गेले व कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

वरवर पाहता ही करवाढच. पण हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशाचे उदाहरण घ्या. त्यावर या दोन करांपोटी पूर्वी ४५० रुपये पडत. आता १८० पडतात. वजनावरचा कर किमतीवर आला आणि तेवढ्याच विजेसाठी जो कोळसा अधिक जाळावा लागतो, त्यालाच सवलत मिळाली.

वीज स्वस्त असावी ही पगारदार माणसाची अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न तिजोरीच्या सवयीचा आहे. जी तिजोरी कोळशावर पोसली जाते, ती कोळसा कमी करण्याची घाई कशी करील? २०१५ च्या कायद्याने आलेली जिल्हा खनिज प्रतिष्ठाने खाणबाधित गावांवर पैसा खर्च करतात, हे खरे. परंतु ती भरपाई झाली, संचय नव्हे. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर बसविला आणि १९९६ पासून तेलाचा पैसा वेगळ्या निधीत साठविला.

स्वामित्वधनाचा ठरावीक हिस्सा महाराष्ट्रानेही असा बाजूला काढावा. खाणी संपतील त्या दिवशी चंद्रपूरच्या मुलांच्या हाती राखेखेरीज काहीतरी उरले पाहिजे.