तिथी: कागदावरची आणि आभाळातली

चौदस कधी आहे असे विचारले, की आज बहुतेक घरांत नजर भिंतीवरील दिनदर्शिकेकडे किंवा हातातील मोबाईलकडे जाते; आभाळाकडे सहसा जात नाही. वस्तुतः तिथी आधी आभाळात घडते आणि मग कागदावर उतरते. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात हे ध्यानात येत नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत मात्र ते आजही स्वच्छ दिसते.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे. त्याच्या पश्चिमेला जमीन किनारपट्टीकडे उतरत जाते, तर मोखाड्याच्या पूर्वेला सह्याद्रीची रांग उभी आहे. येथील पावसाळा मोठा. त्यामुळे चातुर्मासातील अनेक पर्वतिथींना, पर्युषणातसुद्धा, चंद्र ढगांआडच असतो आणि सारी भिस्त पंचांगावर राहते. दिवाळीच्या सुमारास आभाळ निवळते. म्हणूनच चंद्राचा महिनाभराचा प्रवास पाहण्यास कार्तिक महिना उत्तम.

कार्तिकातील चंद्र

आश्विन अमावास्येच्या रात्री चंद्र दिसत नाही, कारण तो सूर्याबरोबरच उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. याच अंधाऱ्या रात्री पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. ज्ञानाचा दीप निमाला म्हणून दीप उजळले गेले, असे परंपरा सांगते. दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, गौतमस्वामींचा केवलज्ञान दिन आणि वीर निर्वाण संवताचा आरंभ.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पश्चिमेकडे चंद्रकोर दिसते आणि साधारण तासाभरात मावळते. ज्ञानपंचमीला ज्ञानाची पूजा आटोपेपर्यंत कोर चांगली ठळक झालेली असते. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र दुपारीच उगवतो, सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. दिगंबर परंपरेतील अष्टान्हिका पर्व याच अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत चालते. चौमासी चौदशीचे प्रतिक्रमण होते आणि पौर्णिमेला इकडे सूर्य मावळताना तिकडे चंद्र उगवतो. चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो, शत्रुंजयाची यात्रा खुली होते. त्या रात्री चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो. महिन्याचे ‘कार्तिक’ हे नाव त्यावरूनच आले.

त्यानंतर चंद्रोदय दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा होत जातो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास होतो. वद्य दशमी हे भगवान महावीरांचे दीक्षा कल्याणक. त्या दिवशी पहाटे उठणाऱ्याला चंद्र आकाशात उंच दिसतो. वद्य चतुर्दशीला उगवतीच्या आधी पूर्वेला बारीकशी कोर उरते आणि पुन्हा अमावास्या येते.

पंचांगात छापलेली चंद्रोदयाची वेळ मोकळ्या क्षितिजासाठी असते, हेही लक्षात ठेवावे. पूर्वेचा डोंगर एक अंश उंच असेल तर चंद्र दिसायला चार-पाच मिनिटे अधिक लागतात. मोखाड्याच्या एखाद्या खोऱ्यात हा फरक सहज पाव तासाचा होतो. तेथे पंचांग चुकलेले नसते. मध्ये डोंगर असतो.

सूर्योदयाची शिल्लक

सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. अशा तीस तिथींचा महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा होतो. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आसपास संपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. म्हणून व्यवहारासाठी नियम केला गेला, की सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी असेल ती त्या दिवसाची. व्यापाऱ्याच्या भाषेत, दिवस उघडताना जी शिल्लक, तीच धरायची. जी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढील सूर्योदयापूर्वी संपते, तिचा क्षय होतो. जी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, तिची वृद्धी.

तिथी संपण्याचा क्षण साऱ्या देशात एकच असतो, पण सूर्योदय एका वेळी होत नाही. कोलकात्यात सूर्य जव्हारपेक्षा सुमारे एक तास आधी उगवतो. नेमक्या त्या तासात तिथी संपली, तर एकाच कुटुंबातील दोन भावांच्या गणितात दोन वेगळ्या तिथी येऊ शकतात. अशा वेळी वाद न घालता आपल्या संघाने स्वीकारलेले पंचांग मानावे, हे उत्तम. नवकारशी आणि चौविहार यांची वेळ मात्र स्थानिक सूर्योदय-सूर्यास्तावरूनच धरावी लागते. मोबाईलमध्ये दुसऱ्याच शहराचे नाव राहिले असेल, तर नियमाची वेळ नकळत चुकते. उज्जैन आणि जव्हार यांच्यातही सुमारे दहा मिनिटांचा फरक आहे.

एकच चंद्र, दोन नावे

आणखी एक गोंधळ महिन्याच्या नावाचा. महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो. राजस्थानात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखे, वद्य पक्षात मात्र एका महिन्याचा फरक. भगवान पार्श्वनाथांचा जन्मकल्याणक दिन ‘पोष दशमी’ म्हणून ओळखला जातो, तरी आपल्याकडे तो मार्गशीर्ष वद्य दशमीला येतो, याचे कारण हेच. मुलांनी विचारल्यास हे अवश्य सांगावे. हुंडीवर मिती लिहून व्यवहार होत, त्या काळी हा भेद माहीत असणे पेढीला आवश्यकच होते. मारवाडातील ‘मिगसर वद’ येथील मार्गशीर्ष वद्य समजला, तर मुदत महिन्याने चुके.

आज हुंडी गेली, मितीही वहीच्या पहिल्या पानापुरती उरली. व्रते मात्र तिथीवरच चालतात. ती कशी ठरते हे घरातील पुढच्या पिढीला ठाऊक नसेल, तर उपवास राहील, पण त्याचा आधार विसरला जाईल. यावर उपाय अवघड नाही. वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून एक कोरी वही मुलांच्या हाती द्यावी. चंद्र कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, किती दिसला, याची रोज एक ओळ लिहावी. न दिसला तर तसे लिहावे. महिनाअखेर ती वही पंचांगाशी ताडून पाहावी. हिशेब जुळल्याचा आनंद व्यापारी घराला वेगळा सांगावा लागत नाही.