पिंपळे सौदागरचा हिशेब

काळेवाडीहून रहाटणी ओलांडली की पिंपळे सौदागर लागते. आज तिथे सोसायट्या, दुकाने आणि संध्याकाळची वाहतूककोंडी आहे. मात्र शेतीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हे गाव शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. 1917 साली डॉ. हॅरल्ड मॅन यांचे 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातले गाव म्हणजे हेच पिंपळे सौदागर. एखाद्या गावातली जमीन, कर्ज, पीक आणि घरखर्च घरटी मोजण्याचे आपल्याकडचे हे अगदी सुरुवातीचे काम. या पट्ट्यात शेतीचे संग्रहालय झाले पाहिजे आणि त्याच्या मध्यभागी हा हिशेब असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आधी कलकत्त्याला चहावर संशोधन केलेले हे गृहस्थ 1907 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. शेती सुधारायची तर नवे बियाणे, लोखंडी नांगर आणि खत पुरे, अशी तेव्हाच्या शेतकी खात्याची साधारण समजूत होती. मॅन यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. नांगर घ्यायला शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे त्यांनी आधी मोजले. जुन्या कागदांवरून त्यांनी काढलेले आकडे असे : 1771 मध्ये गावातले सरासरी खाते 40 एकरांचे होते, 1818 मध्ये साडेसतरा एकरांचे आणि 1914-15 मध्ये अवघ्या 7 एकरांचे. हे 7 एकरही एका जागी नव्हते. 156 खातेदारांच्या जमिनीचे सातशेच्या वर तुकडे झाले होते आणि त्यांतले 463 तुकडे एका एकरापेक्षाही लहान होते. अशा पट्टीत बैलजोडी वळवायची म्हटले तरी शेजाऱ्याचा बांध आडवा येतो. मोट बसवण्याचा खर्च त्या पट्टीवर निघत नाही, राखणीला माणूस ठेवणे परवडत नाही. 103 कुटुंबांपैकी केवळ 8 कुटुंबे जमिनीच्या जोरावर नीट उभी होती. आणखी 28 बाहेरच्या कमाईवर तगून होती. उरलेल्या 67 कुटुंबांचा मेळ बसत नव्हता.

मॅन परके, सरकारी अधिकारी. त्यांचा गौरव आपण का करायचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण त्याचे उत्तर पुस्तकातच आहे. या कामात डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे असे मराठी सहकारी होते. कानिटकरांसह मॅन यांनी 1921 मध्ये जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. शिवाय दोनतृतीयांश कुटुंबे बुडत आहेत, हा निष्कर्ष सत्तेला सुखावणारा नव्हताच. संग्रहालयात म्हणून एका साहेबाचा पुतळा नको. मोजणी करणारे सगळे आणि ज्यांच्या घरांची मोजणी झाली ते गावकरी, दोघेही तिथे दिसले पाहिजेत.

थायलंडचे उदाहरण इथे उपयोगी पडते. राजघराण्यातले सिथिपॉर्न कृदाकर (1883–1971) यांनी वरची सरकारी नोकरी सोडून बांग बर्ड इथल्या समुद्रकाठच्या रेताड जमिनीत शेती केली. भातापलीकडची पिके घेऊन दाखवली, शेतीचे नियतकालिक चालवले. 1933 च्या बंडानंतर तुरुंगात पडले, तिथेही शेतीवरच लिहीत राहिले, आणि 1967 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या शेताच्या जागी आज त्यांचे संग्रहालय आहे. जिथे प्रयोग झाला त्याच मातीवर तो पाहता येणे, यात त्याचे खरे मोल आहे. आपल्याकडे ती माती काँक्रीटखाली गेली, म्हणून संग्रहालयाची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

'शेतीच उरली नाही, मग शेतीचे संग्रहालय कशाला?' या दुसऱ्या आक्षेपाचे मला जास्त महत्त्व वाटते. त्याचे उत्तर 1918 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगांकडे वळवला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने 1947 मध्ये तुकडेबंदीचा कायदा केला, पण या पट्ट्यात प्रत्यक्षात घडले ते आंबेडकरांनी सांगितलेल्या दिशेने. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, 1982 मध्ये महानगरपालिका झाली. काळेवाडीसारख्या वस्त्यांत एकरांचे गुंठे झाले आणि ते गुंठे नियमित करायला 2001 मध्ये वेगळा गुंठेवारी कायदा करावा लागला. 40 एकरांच्या खात्यापासून गुंठ्याच्या प्लॉटपर्यंतची ही एकच सलग कहाणी आहे. मॅन यांचा प्रश्न आणि आंबेडकरांचे उत्तर, दोन्ही एकाच ठिकाणी पडताळून पाहता येतील अशी जागा महाराष्ट्रात दुसरी मला दिसत नाही.

ते उत्तर पुरते खरे ठरले का? जमीन विकून पैसा मिळालेला मालक आणि हातात काहीच न आलेला कूळ किंवा शेतमजूर, यांच्या वाट्याला कारखाने सारखे आले नाहीत. पी. डी. डिसकळकरांनी पिंपळे सौदागरचीच फेरपाहणी केली आणि ती 1960 मध्ये प्रसिद्ध झाली. तिसरी पाहणी आज व्हायला हवी. संग्रहालयाने तीच हाती घ्यावी, नुसत्या पाभरी, कुळव आणि मोटेचे नाडे मांडून थांबू नये.

जागा महाग आहे हे खरे, पण यासाठी एकरभर जमीन लागत नाही. महापालिकेच्या एखाद्या इमारतीतले एक दालन, जुने गावनकाशे, मॅन यांचे तक्ते सोप्या मराठीत आणि शाळकरी मुलांना आपल्या घराचा जुना गटनंबर शोधता येईल अशी सोय, एवढ्यावर सुरुवात होईल. काळेवाडी, रहाटणी, पिंपळे सौदागर, वाकडच्या जुन्या घरांनी मात्र यंदा दिवाळीच्या साफसफाईत एवढे करावे : आजोबांच्या ट्रंकेतले सातबारे, फेरफार आणि सावकाराच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नयेत.