बडोद्याची टिपणवही

बडोद्याच्या कलाभवनात, जे १८९० साली निघाले, दादासाहेब फाळके शिकले. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय १९४९ चे. पुढल्याच वर्षी तेथे ललितकला विद्याशाखा उघडली. अशा विद्यानगरीतील एखाद्या संस्थेने भावी विद्यार्थ्यांना वाटण्यासाठी टिपणवही काढावयाची ठरविली, तर ती कशी असावी?

वाचकहो, हस्तपत्रक त्याच दिवशी चुलीत जाते. कोऱ्या पानांची वही घरात राहते. आई तीत वाण्याचा हिशेब लिहिते, मूल गणिते सोडविते. म्हणून कागद शाई न फुटणारा हवा, आणि पानावर संस्थेचे नाव तळाशी बारीक अक्षरांत पुरे. इमारतीचे भव्य चित्र मुखपृष्ठावर हवे तर खुशाल छापावे.

खरी कसोटी मलपृष्ठाच्या आतील बाजूस. तेथे ‘शुल्क माफक’ असे मोघम शब्द नकोत. ज्या बापाला शेत गहाण ठेवून मुलीला परगावी धाडावयाचे आहे, त्याला आकडा हवा : वर्षाचे शुल्क, वसतिगृह, खानावळ, शिष्यवृत्तीच्या अटी, अर्जाची शेवटची तारीख. शिक्षणाचे माध्यमही ठळक लिहावे. बडोद्याच्या विश्वविद्यालयात ते इंग्रजी आहे. मराठी शाळेतून येणाऱ्या मुलाला हे आधीच कळावयास हवे.

शेवटचे एक पान ‘विचारावयाचे प्रश्न’ या मथळ्याखाली कोरे सोडावे. पालक तेवढे पान भरून कचेरीत येतील.