शिवराई वाचणारी माणसं

शिवराई हे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, आणि कडेने ठिपक्यांची गोल माळ. पुस्तकातल्या चित्रात ती अशी दिसते. हातात येणाऱ्या शिवराईवर मात्र हे सगळं एकत्र क्वचितच सापडतं. टाकसाळीतला ठसा मोठा आणि तांब्याची चकती त्याहून लहान असे. कारागीर खालच्या ठशावर चकती ठेवी, वरचा ठसा धरी आणि हातोडा मारी. चकती जिथे बसली असेल तेवढाच मजकूर उमटे. एकीवर ‘राजा’ स्वच्छ, पण ‘शिव’मधला ‘व’ कडेबाहेर गेलेला, दुसरीवर ‘श्री’चा पत्ता नाही, ठिपक्यांची माळ तर बहुतेकींवर नसतेच. ठसा मुळात कसा होता हे बघायचं तर त्याच ठशाच्या पाच-दहा शिवराया शेजारी शेजारी मांडाव्या लागतात, आणि त्या एकाच माणसाकडे बहुधा नसतात. नाणेसंग्राहक एकमेकांना इतके धरून का असतात, याचं माझ्या मते हेच खरं कारण. हा छंद एकट्याने करताच येत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट ओळखली ती जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने. मुंबईत राहणारे अॅबट पुढे महिपती, तुकाराम यांच्या इंग्रजी अनुवादांमुळे ओळखले गेले. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते शिवराया गोळा करत होते. तेव्हा दख्खनच्या बाजारात शिवराई अजून दिसत होती. अॅबटनी हजारो शिवराया नजरेखालून घातल्या आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, अक्षराचं वळण कसं, कुठे कोणती खूण, हे सगळं त्यांनी टिपून ठेवलं. ज्या नाण्यांना कुणी भाव देत नव्हतं, त्यांच्या शुद्धलेखनाकडे या माणसाने इतक्या आस्थेने पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कुठली शिवराई कधीची, हा अॅबटना पडलेला प्रश्न आजही संग्राहकांच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतं. रविवारची सकाळ, एखादं सभागृह, लांब टेबलांवर मखमलीचे ट्रे, भिंगं, मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा वजनकाटा. कॉलेजातला एक मुलगा कागदाच्या पुडीतून शिवराई काढतो.

“काका, ही महाराजांच्याच वेळची ना?”

“आधी कडेला धर. तोंडावर बोट नको, घामाचा डाग पडतो.” काका नाणं काट्यावर ठेवतात. “नऊ ग्रॅमच्या आत आहे बघ. मागे ओळींच्या मध्ये या दोन आडव्या रेघा दिसतात ना? ही दुदांडी. पेशवाईतली. आहे छान, पण महाराजांची म्हणून कुणाला सांगू नकोस.”

मुलाचा चेहरा जरा उतरतो, आणि ते साहजिकच आहे. शिवाजी महाराजांचं नाणं आपल्या मुठीत आहे, ही भावना मराठी माणसासाठी लहानसहान नाही. अडचण अशी की महाराजांच्या नंतरही दीड शतक तोच मजकूर छापला जात राहिला. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळातली शिवराई आणि सव्वाशे वर्षांनंतर एखाद्या गावच्या टाकसाळीत पाडलेली शिवराई, दोन्हींवर ‘श्री राजा शिव’च. साल कुठेच नाही. मग उरतं वजन, अक्षराचं वळण आणि ठशाची सफाई. सुरुवातीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, उत्तरकाळातल्या पुष्कळदा १० ग्रॅमच्या आत. पण झीज झालेल्या नाण्याचं वजन फसवं असतं, म्हणून अनुभवी माणूस एका वजनावरून निकाल देत नाही. तो शेजारच्याला विचारतो, “तुझ्याकडे अशा ‘श’ची आहे का?”

असं विचारणं हाच या मंडळींचा अभ्यास. एकाला ब्राह्मी येते, तो सातवाहनांची नाणी वाचतो. दुसऱ्याला फारसी येते, आणि तिच्यावाचून मराठ्यांचा चांदीचा रुपया वाचताच येत नाही. पेशव्यांच्या पुण्यात चालणारा अंकुशी रुपया मराठ्यांचा, पण त्यावर नाव मुघल बादशहाचं आणि लिपी फारसी. टाकसाळ ओळखायची ती अंकुशाच्या खुणेवरून. शाळकरी पोरं आपल्या सुट्ट्या पैशांतून सुरुवात करतात. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एवढं कळलं की घरातल्या डब्यातलं प्रत्येक नाणं उलटून बघितलं जातं. माझ्या पाहण्यातले बरेचसे जाणते संग्राहक याच वाटेने आलेले आहेत.

नवख्याला पहिला धडा मिळतो तो नाणं न घासण्याचा. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांनी तांबं झळाळतं, पण शतकांचा तपकिरी थर निघून जातो आणि त्याच्यासोबत अक्षरांची बारीक धारही. दुसरा धडा ओतीव नकलांचा. शिवराई होनाच्या नकला तर बाजारात फार. ओतीव नाण्याची अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर हवेचे बारीक खड्डे, कडेला कानशीने घासलेली शिवण. हे वाचून समजत नाही. खरं आणि खोटं नाणं दोन हातांत देऊन कुणीतरी दाखवावं लागतं. तिसरा धडा जाहिरातींचा. पाच रुपयांच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती येतात, त्यांना भुलून लोक आगाऊ पैसे भरतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की आपल्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही. बैठकीत येणारा माणूस सहसा फसत नाही, कारण पैसे भरण्याआधी तो चार जणांना विचारतो.

एकत्र ठेवलेली नाणी काय सांगू शकतात, याचं सर्वांत मोठं उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ मध्ये तिथे १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. एकाच नाण्यावर हरलेला राजाही दिसतो आणि जिंकलेलाही. यातलं एखादं नाणं सुटं सापडलं असतं तर ती एक मौज ठरली असती. हजारोंनी एकत्र सापडल्यामुळे कळलं की गौतमीपुत्राने नहपानाचं चलनच ताब्यात घेऊन आपल्या नावाने फिरवलं. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ठेवा फुटून दहा दुकानांत गेला की त्याचं साक्षीचं मोल संपतं. प्रामाणिक संग्राहक हे स्वतःहून पाळतो, आणि तसं न करणाऱ्याला बैठकीत मान मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हौशी माणसांच्या देवघेवीला संस्थेचं रूपही आलं. १९१० मध्ये अलाहाबादेत न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिच्या सहा संस्थापकांत इंग्रज अधिकारी आणि एका मिशनऱ्याच्या बरोबरीने मुंबईचे पारशी संग्राहक फ्रामजी ठाणावाला होते. त्याच वर्षी पुण्यात इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या प्रेरणेने भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तिथेही कागदपत्रांबरोबर नाणी जमत गेली. १९८० मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी नाशिकला नाणकशास्त्राची संशोधन संस्था काढली. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी तिचं संग्रहालय आणि ग्रंथालय आहे.

माहेश्वरी स्वतः संग्राहक. त्यांनी इंग्लंडमधले अभ्यासक केनेथ विगिन्स यांच्यासोबत मराठ्यांच्या टाकसाळी आणि नाण्यांवर जे पुस्तक केलं, ते १९८९ मध्ये याच संस्थेने काढलं. मराठा रुपयाची खूण अडली की आजही बैठकीत पहिल्यांदा तेच उघडतात. नोंदलेल्या प्रकारात न बसणारी खूण दिसली की तिचा फोटो, वजन आणि व्यास वहीत उतरवले जातात आणि नाणं कुठल्या गावातून आलं ते मालकाला विचारलं जातं. गावाचं नाव मिळालं नाही तर जाणती माणसं खरोखर हळहळतात. बिनसालाच्या, बिनटाकसाळीच्या शिवरायांचे गट पाडायला ठशांच्या तुलनेबरोबर तोच एक धागा हाताशी असतो, आणि तो पहिल्या विक्रीतच तुटतो. म्हणून मघाच्या त्या मुलाला काका शेवटी विचारतात, “ही आली कुठून?” आजीच्या गाठोड्यातून, जुन्नरकडची, असं तो सांगतो. काका त्याच्याच हातात पेन देतात आणि पुडीवर ते लिहायला लावतात.