१२४ ला ‘अ’ चिकटवू नका

चेन्नईच्या ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाचे संपादक आर. आर. गोपाल यांचं नाव निघालं, की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे त्यांच्या त्या भरघोस मिशा. दुसरी म्हणजे, ‘राज्यपालांविरुद्ध लिहिलं म्हणून त्यांना राजद्रोहात अटक झाली होती.’ मिशांबद्दल वाद नाही. दुसरं विधान चूक आहे, आणि शिकलेसवरलेले, एरवी कायद्यावर तावातावाने बोलणारे लोकही ते बिनदिक्कत करतात.

आधी घडलं काय ते पाहू. एप्रिल २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टै इथल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. विद्यापीठातल्या वरिष्ठांची ‘मर्जी’ सांभाळा म्हणून ती विद्यार्थिनींना गळ घालत होती, असा आरोप झाला. बोलण्याच्या ओघात वरपर्यंत ओळख असल्याचा दावाही होता. राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती, त्यामुळे बोटं राजभवनाकडे वळली. राज्यपाल होते आपल्या नागपूरचे बनवारीलाल पुरोहित. त्यांनी त्या बाईंना आपण कधी पाहिलेलंही नाही असं जाहीर सांगितलं आणि निवृत्त सनदी अधिकारी आर. संथानम यांची चौकशीसाठी नेमणूक केली. ‘नक्कीरन’ने मात्र राजभवनाचा संबंध जोडणारे लेख छापणं चालू ठेवलं. ९ ऑक्टोबर २०१८ च्या सकाळी पुण्याचं विमान पकडायला निघालेल्या गोपाल यांना चेन्नई विमानतळावरच पोलिसांनी ताब्यात घेतलं. तक्रार राजभवनाची होती, कलम भारतीय दंडविधानाचं १२४.

बास, १२४ म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवतात. १८९७ चा खटला, १९०८ चा खटला, मंडाले. पण टिळकांवरचं कलम होतं १२४-अ. ते १८७० मध्ये दंडविधानात घातलं गेलं आणि त्यात सरकारविरुद्ध अप्रीती पसरवण्याचा गुन्हा सांगितला होता. १२४ वेगळं होतं आणि त्याहून जुनं, म्हणजे १८६० च्या मूळ संहितेतलं होतं. राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना त्यांचे कायदेशीर अधिकार वापरायला अथवा न वापरायला भाग पाडण्याच्या हेतूने त्यांच्यावर हल्ला करणं, त्यांना अडवून ठेवणं, किंवा बळाचा वापर करून वा बळ दाखवून धाक घालणं, हा त्यातला गुन्हा. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यात लेखणीचा उल्लेख नव्हता, अप्रीतीचा नव्हता, सरकारचाही नव्हता. राजभवनाच्या दारावर लाठ्या घेऊन धडकलेल्या जमावासाठी हे कलम समजू शकतं. लेखासाठी?

‘अहो, एका अक्षराचा तर फरक!’ असं म्हणून हात झटकणारे भेटतात. फरक एका अक्षराचा असला तरी प्रकरणाचा सगळा जीव त्यातच आहे. राज्यपालांची बदनामी झाली असं वाटत असेल, तर कायद्यात त्यासाठी सरळ वाट होती. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री यांच्या पदाशी निगडित बदनामीसाठी सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात तक्रार दाखल करू शकत होता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९९(२) त्यासाठीच होतं. तमिळनाडूला ही वाट अनोळखी नव्हती. जयललितांच्या सरकारने पाच वर्षांत अशा दोनशेहून अधिक तक्रारी केल्याचं २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, आणि त्यातल्या पन्नासहून अधिक माध्यमांविरुद्ध होत्या. पण बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा. त्यात पोलीस वॉरंटशिवाय विमानतळावर कुणाला उचलू शकत नाहीत. १२४ दखलपात्र होतं आणि अजामीनपात्र. हे कलम का निवडलं असेल, याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. ‘राजद्रोह’ म्हणून मोकळं झालं की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो, कारण राजद्रोहात पत्रकाराला अटक झाली तर आपल्याला त्याचं आता नवलही वाटत नाही.

त्या दिवशी एग्मोरच्या महानगर दंडाधिकाऱ्यांसमोर पोलिसांनी न्यायालयीन कोठडी मागितली. ‘द हिंदू’चे एन. राम कोर्टात हजर होते. ते वकील नाहीत, तरी माध्यमांच्या वतीने त्यांना बोलू दिलं गेलं. वृत्तपत्रावर हे कलम लावण्याचा पायंडा पडू नये, असं त्यांनी सांगितलं. दंडाधिकाऱ्यांनी कोठडी नाकारली आणि गोपाल त्याच दिवशी सुटले. पोलीस ठाण्याबाहेर निषेधाला बसलेले एमडीएमकेचे नेते वायको यांनाच उलट पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं.

इथे दुसरा गैरसमज उगवतो: ‘कोर्टाने सोडलं, म्हणजे लेख खरे होते.’ नाही. अटकेतल्या माणसाला कोठडीत पाठवण्याइतका आधार या कलमाखाली दिसतो का, एवढंच दंडाधिकारी पाहतो. लेखातला मजकूर खरा की खोटा, हे तिथे ठरत नाही. पुरोहितांवर या प्रकरणात कोणत्याही न्यायालयात आरोप ठेवला गेला नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. त्या प्राध्यापिकेला एप्रिल २०२४ मध्ये श्रीविल्लिपुत्तूरच्या न्यायालयाने दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. तिच्यासोबतचे दोन आरोपी निर्दोष सुटले.

‘राज्यपालांवर टीका करताच येत नाही’ हेही ऐकलंय. संविधानाचं कलम ३६१ राज्यपालांना पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. वर्तमानपत्राच्या तोंडाला ते कुलूप लावत नाही. खुद्द पुरोहितांना हे वेगळं सांगायची गरज नसावी. गोखल्यांनी नागपुरात सुरू केलेल्या ‘हितवाद’ या इंग्रजी वृत्तपत्राचे ते मालक आहेत.

‘गोपाल म्हणजे वीरप्पनचा माणूस.’ हा शिक्का फार जुना. चंदनतस्कर वीरप्पनच्या मुलाखती ‘नक्कीरन’ने मिळवल्या हे खरं आहे. ३० जुलै २००० ला वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचं अपहरण केलं, तेव्हा त्याच ओळखीमुळे तमिळनाडू आणि कर्नाटक अशा दोन्ही सरकारांनी गोपाल यांना आपला दूत म्हणून जंगलात पाठवलं. करुणानिधी आणि एस. एम. कृष्णा या दोन मुख्यमंत्र्यांना तेव्हा दुसरा माणूस सापडेना. राजकुमार १०८ दिवसांनी सुटले. पुढे सत्ता बदलली आणि २००३ मध्ये गोपाल यांना ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली.

आणि एक, वकील मित्रांसाठी. ‘खासगीपणाचा हक्क २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात जन्माला आला’ असं भाषणांत सर्रास सांगितलं जातं. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क म्हणून पक्का केला, हे बरोबर. पण संविधानाच्या कलम २१ मध्ये हा हक्क अंतर्भूत आहे, हे ७ ऑक्टोबर १९९४ ला न्या. जीवन रेड्डी आणि न्या. सेन यांनी सांगितलं होतं, आणि ती याचिका याच गोपाल यांची होती. खुनांच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र ‘नक्कीरन’ छापणार होतं. त्यात पोलीस आणि बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधांचे उल्लेख होते. कारागृह खात्याने ते खोटं असल्याचं सांगत छापू नका असं बजावलं. न्यायालयाने म्हटलं, सरकारी अधिकाऱ्यांना छपाईआधीच मजकूर रोखण्याचा अधिकार नाही. बदनामी झाली असं वाटलं तर नंतर दाद मागावी. मात्र शंकरची संमती नसेल तर सार्वजनिक नोंदीत जेवढं आहे तेवढंच छापता येईल, त्यापलीकडे गेलात तर त्याच्या खासगीपणावर आक्रमण होऊ शकतं. गोपाल जिंकले, पण संपादकांच्या पायात एक दोरीही बांधून घेऊन आले. निकालाची ही दुसरी बाजू त्यांचे चाहते सांगत नाहीत.

‘नक्कीरन’ म्हणजे निर्भेळ शोधपत्रकारिता, असंही कुणी समजू नये. सनसनाटी हा त्यांचा जुना धंदा आहे. जयललिता गोमांस खातात असा मजकूर २०१२ मध्ये त्यांनी मुखपृष्ठावर मिरवला होता. त्यावर अण्णाद्रमुकच्या कार्यकर्त्यांनी कार्यालयावर हल्ला केला, तो अर्थातच गुन्हा. लेखही अभिमान वाटावा असा नव्हता.

१ जुलै २०२४ पासून दंडविधान गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. जुनं १२४ आता १५१ झालं आहे, आणि राजद्रोहाच्या जागी आलेलं कलम त्याच्या लगेच पुढे, १५२ वर बसलं आहे.