कासवाची पाठ

पिंपरी-चिंचवडमध्ये मुलांचं नाटक बसवायचं तर पहिली अडचण येते ती वाराची. शाळेला सुट्टी रविवारी आणि इथल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी. विजेचा भार सगळ्यांवर एकदम येऊ नये म्हणून पडलेली ही पद्धत या भागात इतकी मुरलीय की सोयरीक जमवणारेही आधी विचारतात, ‘पाहुण्यांना गुरुवार का रविवार?’ त्यामुळे एका हौशी संस्थेच्या बालनाट्याची तालीम रविवारी होते आणि त्याच नाटकाचं सामान गुरुवारी तयार होतं. सामान करणाऱ्यांना तालीम दिसत नाही, मुलांना ते करणारे दिसत नाहीत. हे ऐकलं आणि हे सामान होतं त्या भोसरीतल्या पत्र्याच्या शेडकडे मी निघाले.

नाटक म्हणजे दोन मैत्रिणींची परीकथा. त्यातली एक कायम उशीर करणारी. चिडलेली चेटकीण तिला कासव करून टाकते आणि दुसरी तिला घेऊन सात डोंगरांपलीकडच्या म्हातारीकडे निघते. वाटेत रुसलेला ढग भेटतो, कोडी घालणारा पूल भेटतो, चहाशिवाय डोळे न उघडणारा राक्षस भेटतो. खरं सांगायचं तर संवाद जरा जास्तच गोड आहेत आणि ढगाचं गाणं फार लांबतं. मला ओढ लागली ती कासवाच्या पाठीची.

ती पाठ करणारे काका एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये फिटर आहेत. चाकणच्या वाहन कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथे होतात. आठवडाभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झटापट करणाऱ्या माणसाला मी विचारलं, “पाठ केवढी होणार?” त्यांनी मापाऐवजी वजन सांगितलं. “दीड किलो. वर जायचं नाही.”

हा आकडा त्यांनी दप्तरावरून घेतलाय. केंद्र सरकारने 2018 मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांचं दप्तर जास्तीत जास्त दीड किलोचं असावं असं ठरवलं होतं. पण कासव होणारी मुलगी चौथीत आहे, तिला त्याच हिशेबाने दोन ते तीन किलो चालतात, असं मी म्हणाले. काका म्हणाले, “दप्तर घेऊन कुणी रांगतं का?”

काम तसं साधं. सुटे भाग ज्या सात पदरी खोक्यांतून येतात त्यांचा पुठ्ठा भिजवायचा, पदर सोलायचे, पट्ट्या साच्यावर आडव्या-उभ्या चिकटवायच्या, वाळवायच्या, पुन्हा चिकटवायच्या. उपड्या घमेल्यावर सिमेंट थापून लांबट केलेल्या साच्याला काका ‘डाय’ म्हणतात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच. ती नसती तरी काकांनी थर्माकोलला हात लावला नसता. “त्याला वजन नाही, पण जीवही नाही. पोरगी बसली की मोडला.”

आणि खळ. स्टोव्हवर मैदा शिजत असतो, त्याचा कोमट, किंचित आंबूस वास शेडभर भरतो. काकांच्या हातांना मशीनवरच्या कूलंटचा वास कायमचा लागलेला. ते खळ ढवळायला वाकले की दोन्ही वास एकदम येतात. का कोण जाणे, त्या वासासाठीही मी परत परत जात राहिले. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. काका घालत नाहीत. ते विष आहे आणि मुलं बोटं तोंडात घालतात. झुरळं आली तर झटकू, म्हणतात.

पाठ वाळून ताणकाट्याला लटकली तेव्हा काटा एक किलो सातशेवर थांबला. रंग अजून बाकी होता. मला वाटलं, दोनशे ग्रॅमचं काय एवढं! काकांनी पाठ उपडी केली, ब्लेड घेतलं आणि आतून एकेक पदर सोलायला लागले. कडेला हात लावला नाही, पट्टे अडकतात तिथेही नाही. मधल्या फुगवट्यावरून, जिथे ताण कमी तिथून. दीड किलो.

या नाटकातली चेटकीण काही नवी नाही, मराठी बालरंगभूमीवर चेटकिणींना तोटा नाही. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’तर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ आणलं. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि 2018 मध्ये वैभव मांगल्यांनी. उलट 1986 मध्ये पुण्यात थिएटर अकादमीने मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ग्रिप्स चळवळ आणली. तिथे पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि घर-शाळेतलीच भांडणं मांडतात. माझा ओढा तसा ग्रिप्सकडे. आता तर स्नेहसंमेलनांत मागे एलईडीची भिंत लावतात, जंगल हवं की जंगल, समुद्र हवा की समुद्र. त्यापेक्षा घर-शाळेतली भांडणं केव्हाही बरी. पण सोललेल्या पुठ्ठ्याचं हे कासव त्या भिंतीतलं नव्हतं. त्याला वजन होतं आणि ते कुणाला तरी वाहायचं होतं.

रविवारी निगडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम पाहिली. पाठ बांधल्यावर कासव पहिल्यांदा रांगलं तेव्हा सगळी पोरं खिदळली. तिसऱ्या डोंगराच्या प्रवेशात मैत्रीण पुढे, कासव मागे. चढाची फळी आली आणि पुढच्या मुलीने मागे वळून पाठीच्या कडेखाली हात घातला, पाठ किंचित उचलून धरली. हे संहितेत नाही. दिग्दर्शक ताईंनी थांबवलं, “हात काढ गं, प्रेक्षकांना दिसतो.” ती “हो” म्हणाली. पुढच्या वेळी फळी आली, हात पुन्हा तिथेच. ताईंनी मग नाद सोडला.

गुरुवारी हे काकांना सांगितलं. मला वाटलं, हसतील, मुलींचं कौतुक करतील. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठल्या बाजूनं धरते?”

“डावीकडून. मागच्या पायापाशी.”

“तिथं कड धारदार आहे. हात कापंल.” त्यांनी बांबूची एक कामटी घेतली, पॉलिश पेपरने गुळगुळीत घासली, चिंधी गुंडाळली आणि डाव्या कडेला आतून बसवून पाहिली. मुठीत धरून जोखली. मग पाठ ताणकाट्याला लावली. काटा चाळीस ग्रॅम पुढे गेला होता.

“म्हणजे चाळीस दुसरीकडनं काढावे लागणार,” ते म्हणाले आणि ब्लेड शोधायला लागले.